हातांवरच्या पुरळाचा माग : प्रकल्प नोंदी

३ जून

आजपासून ही वही. बांधणीच्या खोलीत आम्ही चौघं जुनी पुस्तकं दुरुस्त करतो. जुजबंदी उसवून पुन्हा शिवायची, पाठीला गोंद लावायचा, पुठ्ठे चढवायचे. चौघांपैकी दोघांचे हात खराब झालेत, माझे आणि काकांचे. माझ्या हातांना दोन महिने होऊन गेले.

आतापर्यंत मी केलं ते असं : घरात सापडली ती ट्यूब लावली, बरं वाटलं की सोडली, पुन्हा खाज सुटली की दुसरी लावली. कुणी म्हणालं पित्त आहे, कुणी म्हणालं पाण्यातला दोष. अंदाज पुष्कळ झाले. आता रोज लिहायचं, फोटो काढायचे, आणि शेवटी चौघांच्या उपयोगाचा एक तक्ता करून भिंतीवर लावायचा. प्रकल्प एवढाच.

आजची स्थिती : उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, पेरांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. कातडी कोरडी आणि खरखरीत, दोन भेगा, बेचक्यांत बारीक पाणीदार पुटकुळ्या. डावा हात त्यामानाने बरा. मनगटाच्या वर काही नाही.

५ जून

दोन दिवस वाचनात गेले. कॉन्टॅक्ट डर्माटायटिस, म्हणजे एखाद्या वस्तूच्या स्पर्शामुळे होणारा त्वचादाह, दोन प्रकारचा असतो. हा फरक मला आधी कळला असता तर दोन महिने वाचले असते.

पहिला इजेचा. साबण, सततचं ओलेपण, द्रावकं (चिकटपणा विरघळवणारी रसायनं), घर्षण यांनी कातडीचा वरचा थर झिजतो. त्याला ॲलर्जी लागत नाही. पुरेसा मारा झाला तर कुणाचीही कातडी हार मानेल. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजायचा आकडा; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५. नेहमीच्या वडीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. प्रत्येक धुण्यात थोडं तेल निघून जातं, आणि दिवसात वीस वेळा धुतलं तर ते परत भरून यायला उसंत मिळत नाही. स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहांत हाच प्रकार जास्त आढळतो. यात आग आणि चुरचुर पुढे असते, खाज मागे.

दुसरा ॲलर्जीचा, म्हणजे खरं वावडं. इथे पदार्थाचे अगदी लहान रेणू कातडीतून आत शिरतात आणि शरीराच्या प्रथिनांना चिकटतात. कातडीत पहारा देणाऱ्या पेशी ते उचलून लसिकाग्रंथींपर्यंत नेतात, आणि तिथे रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्या रेणूची ओळख कायमची लक्षात ठेवतात. या पहारेकरी पेशी १८६८ साली पॉल लँगरहान्सला सापडल्या. तो तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि त्या मज्जासंस्थेच्या पेशी आहेत असं त्याला वाटलं होतं. आजही त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात.

ओळख पक्की झाल्यावर तोच पदार्थ पुन्हा लागला की पुरळ उठतं, पण लगेच नाही. एक ते तीन दिवसांनी. यात खाज पुढे असते, आणि पुरळ स्पर्शाच्या जागेबाहेरही पसरू शकतं.

माझ्या सगळ्या अंदाजांची गोची इथे होती. हाताला खाज सुटली की मी त्याच दिवसाचा गुन्हेगार शोधायचे. पाहायला हवा होता परवाचा दिवस.

आणखी एक. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे, त्यावर पुरळ लालभडक दिसतं. माझ्या सावळ्या हातावर ते तपकिरी-जांभळट दिसतं, काही ठिकाणी नुसतं राखाडी आणि जाड. लाली शोधत बसलं तर सुरुवात हमखास निसटते. त्यापेक्षा बोट फिरवून खरखर आणि ऊब बघावी. बरं झाल्यावर मागे राहणारे काळे डाग महिनोन्‌महिने टिकतात, पण तो आजार चालू असल्याचा पुरावा नव्हे.

६ जून

काकांशी बोलले. त्यांचे दोन्ही तळवे सारखेच कोरडे, भेगाळलेले. ते म्हणाले, "अगं, वीस वर्षं हाच गोंद वापरतोय. वावडं असतं तर पहिल्या वर्षीच कळलं नसतं का?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. रात्री सापडलं : नाही, कळलं नसतं. संवेदना तयार व्हायला कमीत कमी दहा-पंधरा दिवस लागतात, पण एखादी वस्तू वर्षानुवर्षं सुखाने वापरल्यानंतरही वावडं सुरू होऊ शकतं. आधीच फुटलेल्या कातडीतून रेणू सहज आत जातात. साबणाने दार उघडायचं आणि भलत्यानेच आत शिरायचं, असं एकाच हातावर दोन्ही प्रकार मिळून होतं.

१० जून

आज सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत हाताला जे जे लागलं ते लिहिलं. यादी पाऊण पान भरली. हात धुणं २३ वेळा. पांढरा गोंद, रबरी हातमोजे, कात्री, अंगठी, कातडी पुठ्ठे, हात धुण्याचा द्रव साबण, भांड्यांचा साबण, शांपू, जंतुनाशक मलम (भेगांवर), गोंद पुसायला वेट वाइप्स.

हातमोजे मी कातडी वाचवायला घालत होते. पण रबर घट्ट करण्यासाठी घातली जाणारी थायुराम, कार्बामेट यांसारखी रसायनं हे हातांच्या ॲलर्जीचं नेहमीचं कारण आहे. नायट्राइल या कृत्रिम रबराच्या मोज्यांतही ती असू शकतात. त्याचं पुरळ हाताच्या पाठीवर येऊन मनगटावर मोजा संपतो तिथे रेघ मारल्यासारखं थांबतं. माझं तसं नाही. तरी नाव यादीत राहू दे.

लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, दुसरी ॲलर्जी वेगळीच असते. तीत काही मिनिटांत गांध्या उठतात, आणि कधी थेट श्वासापर्यंत जातं. तिला दोन दिवस थांबायची गरज नसते.

११ जून

धातू तपासले. निकेल हे जगभर स्पर्शाच्या ॲलर्जीचं सर्वात जास्त आढळणारं कारण. डायमिथाइलग्लायॉक्सिम नावाचं रसायन कापसावर घेऊन धातूवर अर्धा मिनिट घासायचं. निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. किल्ल्यांची कडी गुलाबी, कात्री नाही, अंगठी नाही.

अंगठीखाली मात्र पुरळ आहे. मग? अंगठीखाली साबणाचं पाणी अडकून राहतं, दिवसभर. वर्षानुवर्षं कितीतरी जणी सोन्याला दोष देत आल्या असतील. आज अंगठी काढून ठेवली.

१५ जून

पहिला प्रयोग : फक्त इजा कमी करायची. गोंद, वाइप्स, सगळं नेहमीसारखं चालू.

हात धुणं निम्म्यावर आणायचं. कोमट पाणी, गरम नाही. बिनवासाचा सौम्य क्लेंझर. धुतल्यावर टिपायचं, घासायचं नाही, आणि ओल असतानाच घट्ट मलम चोपडायचं. मलमात पाणी नसतं, म्हणून परिरक्षकंही (वस्तू सडू नये म्हणून घातलेली रसायनं) नसतात किंवा कमी असतात. पातळ लोशनपेक्षा फुटलेल्या कातडीला ते बरं. नुसता जंतूंचा प्रश्न असेल आणि हात मळलेले नसतील तर अल्कोहोलचा हँडरब साबणापेक्षा कातडीला सौम्य पडतो. भेगांवर तो झोंबतो म्हणून सगळ्यांचा समज उलटा झालाय. माझाही होता.

बाटलीवर काय शोधायचं ते लिहून ठेवते : 'सुगंधविरहित'. 'वास नसलेलं' असं लिहिलेल्या वस्तूत कधी मूळ वास झाकणारा दुसरा सुगंध घातलेला असतो. आणि 'नैसर्गिक' या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. लिंबूवर्गीय आणि लव्हेंडरच्या तेलांतले लिमोनीन, लिनालूल हवेत उघडे राहिले की त्यांच्यापासून चांगलीच ॲलर्जी आणणारी रसायनं तयार होतात.

२४ जून

भेगा भरल्या. तळवा मऊ. पण बेचक्यांतल्या पुटकुळ्या आणि खाज जशीच्या तशी. म्हणजे अर्धं कोडं साबणाचं होतं, अर्धं दुसऱ्या कशाचं तरी.

रात्रीच खाज वाढते, बेचक्यांत आहे, म्हणून खरूज तर नाही ना हेही ताईने तपासायला लावलं. ती परिचारिका आहे. घरात आणखी कुणाला खाज आहे का, मनगट, काख, कमरेला काही आहे का, कातडीत बारीक वळणदार रेघा दिसतात का? नाही, नाही आणि नाही. एकाच हाताला कडा असलेला गोल चट्टा असता तर बुरशी मनात धरायला हवी होती. तोही नाही.

२८ जून

खोलीला रंग लावला. दोन दिवस सुट्टी.

१ जुलै

काल कामावर गेले. आज उठले तर दोन्ही पापण्या सुजलेल्या, डोळे अर्धे उघडतायत. खाज भयंकर. कानामागे आणि गळ्याच्या घडीतही चट्टे.

ताईला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला तो पापण्यांचा नव्हताच. "श्वास नीट आहे का? जीभ, ओठ, घसा सुजलाय? चक्कर? उलटी?" यातलं काहीही असतं तर मलम, गोळी, घरगुती उपाय काहीही न करता थेट तातडीच्या उपचारांना जायचं आणि ॲड्रेनलिनचं इंजेक्शन घ्यायचं. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. मग तिने स्वच्छ गार पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घड्या पंधरा-वीस मिनिटं ठेवायला सांगितल्या आणि डोळ्यांजवळ हातावरची ती ट्यूब अजिबात लावू नकोस असं बजावलं. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र आहे. पापणीची कातडी शरीरात सर्वात पातळ. तिथे तीव्र स्टिरॉइड दीर्घकाळ लागलं तर कातडी विरळ होते आणि डोळ्यातला दाबही वाढू शकतो.

३ जुलै

त्वचारोगतज्ज्ञांकडे. डॉक्टरबाईंनी वही पूर्ण वाचली, याचं मला फार बरं वाटलं. "हाताला काय लागतं ते छान लिहिलंत," त्या म्हणाल्या, "आता हवेत काय होतं ते सांगा."

पापण्यांवर फक्त हातांनी नेलेलं किंवा थेट लावलेलंच येतं असं नाही. हवेतून येणारंही तिथे आधी दिसतं. नखांचा रंग नखाजवळ काही करत नाही आणि पापणीवर उठतो. केसांचा कलप टाळूला सोडतो आणि कान, कपाळाची कड, पापण्या सुजवतो. ताज्या भिंतीतून रंगाचं परिरक्षक कित्येक आठवडे हवेत येत राहतं. पाण्यात बनवलेले रंग, पाण्यात बनवलेला गोंद आणि वेट वाइप्स, तिन्ही सडू नयेत म्हणून त्यांत एकाच घराण्याची रसायनं घालतात : आयसोथायाझोलिनोन.

मी वहीत तीनही गोष्टी वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या होत्या.

औषध : हातांना मोमेटासोन हे स्टिरॉइडचं मलम दिवसातून एकदा, दोन आठवडे. पापण्यांना स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस ०.०३ टक्के, पहिले काही दिवस आग होईल म्हणाल्या, तशी होतेय. मोजमाप शिकवलं : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबची वळी काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मी आजवर भीतीने मोहरीएवढं लावत होते आणि दोन दिवसांत थांबत होते. त्याने आग विझत नाही, फक्त झाकली जाते.

ॲलर्जीच्या गोळीबद्दल विचारलं. गांध्यांवर ती चांगली; या प्रकारच्या पुरळावर फारसं काम करत नाही, झोप आणणारी असेल तर रात्री खाजवणं कमी होतं इतकंच. पुरळ फार मोठ्या भागावर किंवा चेहऱ्यावर फोडांसह आलं तर पोटातून स्टिरॉइड द्यावं लागतं, आणि तेही दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत. चार-पाच दिवसांत बंद केलं तर पुरळ उसळून परत येतं.

७ जुलै, सोमवार

पॅच टेस्ट. ही पद्धत योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडली. तत्त्व तेच राहिलंय : संशयित पदार्थ ठरावीक प्रमाणात पाठीवर चिकटवायचे आणि थांबायचं. लहान कपांच्या ओळी चिकटवल्या, शाईने खुणा केल्या. पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम नाही. पाठीवर स्टिरॉइड नको, पोटातून तर नकोच.

टोचून करतात ती चाचणी वेगळी. ती तात्काळच्या ॲलर्जीसाठी. या पुरळाचा माग तिने लागत नाही.

९ जुलै, बुधवार

४८ तासांनी पट्ट्या काढल्या. एका जागी लाल-तपकिरी उंचवटा. डॉक्टरबाईंनी निष्कर्ष दिला नाही. पट्टीच्या चिकटपणाने आलेली लाली उतरू दे म्हणाल्या.

११ जुलै, शुक्रवार

दुसरं वाचन. मिथाइलआयसोथायाझोलिनोन (त्याच घराण्यातलं) : दोन अधिक, म्हणजे जोरदार प्रतिक्रिया. पुटकुळ्यांसह उठलंय, खाजतंय. निकेल नाही, सुगंध नाहीत, थायुराम नाही. हातमोजे निर्दोष!

१४ जुलै, सोमवार

आठव्या दिवशी पुन्हा बोलावलं होतं. मला ते उगाच वाटलं होतं. पण निओमायसिनच्या जागी नवा उंचवटा आलाय, एक अधिक. काही पदार्थ उशिरा बोलतात, निओमायसिन त्यातलाच. ३ जूनपासून मी भेगांवर जे जंतुनाशक मलम लावत होते, त्यात तेच प्रतिजैविक आहे. औषधाने जखम चिघळतेय असं वाटलं की आपण औषध वाढवतो. मी तेच केलं.

१६ जुलै

घरातली आणि खोलीतली प्रत्येक बाटली वाचली. सौंदर्यप्रसाधनांवर घटक लिहिलेले असतात; मिथाइलआयसोथायाझोलिनोन आणि मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन ही दोन नावं शोधायची. वाइप्सवर सापडलं. पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरांत 'नाजूक त्वचेसाठी' असं आहे.

गोंदाच्या आणि रंगाच्या डब्यांवर पूर्ण यादी नसते. तिथे उत्पादकाकडून सुरक्षा माहितीपत्रक मागवावं लागतं, आणि बेन्झआयसोथायाझोलिनोन हे तिसरं नावही बघावं लागतं.

युरोपीय संघाने मिथाइलआयसोथायाझोलिनोन अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून २०१७ पासून काढून टाकलं, आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्याची मर्यादा दहा लाखांत १५ भागांवर आणली. अमेरिकेतल्या स्पर्शत्वचादाहाच्या तज्ज्ञ संस्थेने २०१३ साली त्याला त्या वर्षीचा ॲलर्जीकारक ठरवलं होतं, म्हणजे प्रश्न तेव्हा पुरता चव्हाट्यावर आला होता. हे वाचून राग आला. माझ्या हाताला ते रोज आठ-दहा वेळा पुसलं जात होतं, आणि वाइप धुऊन टाकली जात नाही.

२० जुलै

बदल : वाइप्स बंद; ओलं सुती फडकं. माझं टेबल रंग न लावलेल्या व्हरांड्यात हलवलं. पाठीच्या कामाला ताजी शिजवलेली खळ. ती तीन-चार दिवसांत आंबते म्हणून थोडी थोडी करायची. पांढरा गोंद लागेल तिथे ब्रश आणि नायट्राइल मोजे, आत सुती अस्तर, आणि गोंद आत गेला तर लगेच मोजा बदलायचा. आत गोंद राहिलेला मोजा म्हणजे पॅच टेस्टच.

२ ऑगस्ट

पुन्हा पुटकुळ्या, दोन्ही हात. वहीत मागे गेले. तीन दिवसांपूर्वी नवा भांड्यांचा साबण. बाटलीवर मिथाइलआयसोथायाझोलिनोनचं नाव होतंच.

५ ऑगस्ट

काकांचा निकाल आला. त्यांचीही पॅच टेस्ट झाली आणि सगळं निरंक. त्यांना ॲलर्जी नाही. वीस वर्षं गोंद सुटावा म्हणून ते हात द्रावकाने पुसतात आणि मग साबणाने घासतात, त्याची ती इजा. खोली तीच, गोंद तोच, हात दिसायला जवळपास सारखे. त्यांनी मोजे घातले, द्रावक सोडलं, मलम लावलं तर पुरे. मी माझ्या परिरक्षकापासून जन्मभर लांब राहायला हवं, कारण ती ओळख पुसली जात नाही. मी त्यांना जूनमध्ये वाइप्स वापरायचा आग्रह करत होते.

१९ ऑगस्ट

नवं मलम घ्यायचंय, आणि आता विश्वास बसत नाही. म्हणून उघडी चाचणी : कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा लावायचं, दोन आठवडे. न धुता ठेवायच्या वस्तूंनाच ही चालते. साबण, शांपू, द्रावकं अशी लावून ठेवली तर निरोगी कातडीही भाजेल. आज सहावा दिवस, काही नाही.

३१ ऑगस्ट

तक्त्याचा मजकूर काकांनी आणि मी मिळून ठरवला :

पुरळ दिसलं की मागचे तीन दिवस आठवा. फोटो काढा. नवं काय आलं, भिंतीचा रंगही धरून, ते लिहा. श्वास, ओठ, जीभ, चक्कर यांपैकी काही असेल तर तातडीने उपचारांना जा. पिवळी खपली, पू, ताप किंवा पसरणारी ऊब असेल तर जंतुसंसर्ग धरून डॉक्टरांकडे. दोन आठवड्यांत उतरत नसेल किंवा पुन्हा पुन्हा येत असेल तर पॅच टेस्टबद्दल विचारा. दुसऱ्याची ट्यूब लावू नका. बरं दिसलं तरी साधं घट्ट मलम (स्टिरॉइडचं नव्हे) चालू ठेवा. वरून कातडी सपाट झाली तरी आतलं कवच पुरतं भरायला महिने लागतात.

काकांनी शेवटची ओळ स्वतःच्या अक्षरात घातली : "अंगठ्या खिळ्याला."

४ सप्टेंबर

तक्ता खळीने चिकटवला, मोज्यांच्या खोक्याच्या वर. उघडी चाचणी गेल्या आठवड्यात संपली, मलम ठीक. पापण्या साफ. डाव्या मधल्या बोटाच्या पेरावर एक नवी भेग आहे, खाज नाही, नुसती आग. फोटो काढला. १ तारखेला दिवसभर मोज्यांशिवाय पुठ्ठे घासले होते.